पंगतीचं शूटिंग

आमच्या हौसावन्सं टीव्हीसमोर कधी बसायच्या नाहीत. त्या टीव्हीच्या शेजारी बसायच्या, भिंतीला पाठ टेकून, आमच्याकडं तोंड करून. पडदा त्यांना दिसायचाच नाही, दिसायचो आम्ही. मालिकेत कुणी मेलं की आम्ही डोळ्यांना पदर लावायचो आणि वन्सं आमच्याकडं बघून तोंडाला लावायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो वन्सं, जरा समोर या की. काय चाललंय ते तरी कळेल."

"कळतंय की. ती थोरली सासू मरायला टेकलीया. तुझ्या थोबाडावर दिसतंय समदं."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. कळंबच्या आमच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा त्या आधीच परत आलेल्या होत्या. त्यांना निमगाव सावाला दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी केली आणि यांना एका ट्रंकेसकट माहेरी आणून सोडलं. तीन वर्षांचा दत्ता मात्र तिकडंच ठेवून घेतला. पहिल्या वर्षात वन्सं त्याला बघायला दोनदा गेल्या, दोन्ही वेळा अंगणातूनच माघारी फिरवल्या गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. मला हा सगळा इतिहास सासूबाईंनी एका वाक्यात सांगितला होता: "हौसा हितंच असती." आणि मी, नवी नवरी, नवी शिक्षिका, त्या वाक्याचं व्याकरण तपासून मोकळी झाले; आत काय आहे ते विचारलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव ‘मास्तरीण’. रागात असल्या तरी मास्तरीण आणि लाडात आल्या तरी मास्तरीण. लाडात फारशा आल्या नाहीत.

त्यांचा एक नाद होता, दोऱ्या जपायचा. खताच्या गोणीची सुतळी, पुड्याचा दोरा, हारातला दोरा, पेंढीची रस्सी, काही टाकून द्यायच्या नाहीत. अंगठा आणि कोपर यांच्यावरून फेर घालत घालत गुंडाळायच्या आणि गुंडा करून ट्रंकेत ठेवायच्या. गाठ आली तर सोडवत बसायच्या. मी कात्री घेऊन गेले की माझा हात धरायच्या. "कापू नगं. सुटती. दम धर जरा." मला दम नव्हता. कात्री होती.

रिमोटला त्या ‘हुकूम’ म्हणायच्या. "हुकूम कुणाच्या हातात हाये?" असं घरात शिरता शिरता विचारायच्या आणि तो माझ्याच हातात असायचा.

आता डीव्हीडीच्या मशिनीकडं येते. पण त्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते. मला ती फार उशिरा कळली. तुम्हाला आधीच कळलेली बरी, नाहीतर माझ्यासारखे तुम्हीही नुसती मशीनच बघत बसाल.

माझ्या मुलीचं, कविताचं लग्न झालं ते व्हिडीओ कॅसेटच्या जमान्यात. भावकीला पत्रिका गेल्या, तशी निमगाव सावालाही गेली. लग्नाच्या दिवशी सकाळी निरोप आला की तिकडून चार माणसं येताहेत आणि त्यांच्यात दत्ता आहे. पंचविशीचा झाला होता. वन्संनी त्याला तीन वर्षांचा असताना पाहिलेला. मी वन्संना कोठीच्या खोलीत गाठलं आणि म्हटलं, "हे बघा वन्सं, दत्ता येतोय म्हणे. पण आज काही नको. रडारड नको, गळाभेट नको. कविताच्या सासरचे लोक बघतायत. त्याच्याकडं बघूसुद्धा नका."

वन्सं म्हणाल्या, "बरं."

एवढंच म्हणाल्या. आणि दुपारी पंगतीत जिलेबीची परात घेऊन वाढत वाढत त्या त्याच्यासमोर आल्या. ते कोण बसलंय हे त्यांना माहीत होतं. हॅलोजनचा उजेड होता, कॅमेरेवाला नेमका तिथंच होता. वन्संनी माझं ऐकलं. मान वर केली नाही. पत्रावळ बघितली, जेवणारा हात बघितला, दोन जिलेब्या वाढल्या आणि पुढं गेल्या. पुढं गेल्यावर त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढची दहा वर्षं कुणाला सांगितलं नाही: त्यानं वर बघितलं का? माझ्याकडं बघितलं का? हे त्या मांडवात कुणी पाहिलेलं नव्हतं. फक्त कॅमेऱ्यानं पाहिलं होतं.

लग्नानंतर कॅसेट बघायला एका रविवारी मंचरहून व्हीसीआर भाड्यानं आणला. अर्धी आळी आमच्या घरात. पंगत लागली तसं कुणीतरी ओरडलं, "पळवा राव! खानारी तोंडं काय बघायची!" हुकूम अर्थातच माझ्या हातात. मी पळवलं. पंगतीतली माणसं शेरडांसारखी भराभरा चावायला लागली. घर हसून लोटपोट. वन्सं त्यांच्या नेहमीच्या जागेवरून, टीव्हीच्या बाजूनं, उठल्या आणि समोर आल्या, तोवर पंगत उठली होती.

"पुन्यांदा लाव की तेवढं," त्या म्हणाल्या.

"नंतर, वन्सं."

संध्याकाळी व्हीसीआर परत गेला. कॅसेट कपाटात गेली, माझ्या साड्यांच्या मागं.

दहा वर्षांनी वन्सं कुठून तरी ऐकून आल्या की कॅसेटला बुरशी लागते. गावातला फोटोवाला म्हणाला होता, मावशी, आता तबकडीवर उतरवून घ्या, नाहीतर जाईल सगळं. झालं. उठता बसता वन्संचं सुरू, "ती कॅसेट उतरवायची हाये." आमचे हे म्हणाले, म्हातारीला लेकीच्या लग्नाची फार ओढ. मी म्हणाले, हो ना. कविताला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं, मी शाळेत असायची. मला ते पटलं. मला त्या काळी स्वतःला जे सुचेल ते लगेच पटायचं. पन्नाशीचीच होते, पोरसवदा.

मशीन घ्यायला आम्ही दोघी मंचरला गेलो. बाजारपेठेत शांतिशेठचं दुकान होतं. शेठच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन भांड्यांचं दुकान टाकलं होतं, नातवानं भांडी काढून टीव्ही मांडले. बोलायला आमच्यापेक्षा गावठी.

"या मॅडम. मावशी, बसा बसा. च्या सांगतो."

माझी नजर आधीच एका चपट्या, चंदेरी मशिनीवर गेली होती. तिला निळे दिवे होते आणि सोबत दोन माईक. शेठ म्हणाले, "ह्यात गाण्याची तबकडी लावायची मॅडम, मागं निस्तं संगीत वाजतंय, आन आपण माईकवर गायचं."

मला माझा आवाज फार गोड वाटायचा. वर्गातली मुलं तो ऐकून गप्प बसायची. ती भीतीनं बसायची, हे मला निवृत्त झाल्यावर एका माजी विद्यार्थ्यानं पेढे देता देता सांगितलं. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात माईक हातात घेऊन उभी होते. तेवढ्यात मागून वन्सं म्हणाल्या, "शेठ, ह्ये निस्तं दावतंय, का उतरून बी घेतंय?"

शेठनी माझ्याकडचं लक्ष काढून त्यांच्याकडं वळवलं. "मावशी, हा प्लेयर. हा निस्तं वाचतो. तो तिकडचा काळा रेकॉर्डर. तो वाचतो बी आन लिहितो बी."

"मंग लिवणारंच द्या. निस्तं वाचणारी हाये आमच्या घरात एक."

शेठ हसले. चहा घेऊन आलेला माणूससुद्धा हसला. मी निळ्या दिव्यांकडं बघत राहिले.

"आन एका तबकडीत किती मावतंय?" वन्संचा दुसरा प्रश्न.

"तुमी ठरवाल तेवढं. एक तास, दोन तास, चार तास, सहा तास. दोनावर ठेवलं तर चित्र कसं चकचकीत. सहा तास कोंबले तर पातळ व्हतं."

"आमटीवानी."

"बरोब्बर! आमटीच."

"पातळ झाली तरी चालंल. पर समद्यांच्या ताटात पडली पायजे."

मी त्यांच्या कोपराला हळूच ढोसलं. "वन्सं, तुम्हाला यातलं काही कळत नाही. गप्प बसा."

त्या गप्प बसल्या नाहीत. "चुकून पुसलं जातंय का?"

शेठनी दोन खोकी काढून पुढं ठेवली. एका जातीच्या तबकडीवर लिहिलं की लिहिलं, दुसरीवरचं पुसून पुन्हा लिहिता येतं. वन्संनी न पुसणारीवर बोट ठेवलं. मला राग आला होता तो याचा, की दुकानात आलेली शिकलेली बाई मी, आणि शेठ बोलत होते त्यांच्याशी. येताना एसटीत मी त्यांना म्हटलंही, "किती ते प्रश्न! लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हंतील? म्हातारीला मशीन कळती म्हंतील."

मे महिन्याच्या सुट्टीत मी उतरवायचं काम काढलं. फोटोवाल्याकडून चार दिवसांच्या बोलीनं व्हीसीआर आणला. पिवळी वायर पिवळ्यात, लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. मला ते एका फटक्यात जमलं आणि तिथंच डोकं फिरलं. बाहेर कांदा काढणी चालू होती. वन्सं सकाळीच शेतावर निघाल्या. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "मास्तरीण, पयल्यापास्नं शेवटापर्यंत. कायबी गाळू नगं."

"हो हो."

आता ऐका माझी करणी. कॅसेट होती तीन तासांची. शेठनी सांगितल्याप्रमाणं चार तासांचं बटण निवडलं असतं तर सगळं एका तबकडीवर आरामात बसलं असतं. जरा पातळ, पण बसलं असतं. नाहीतर दोन तबकड्या घ्यायच्या, खोक्यात दहा होत्या. पण मला पाहिजे होतं चकचकीत चित्र आणि एकच तबकडी, कविताच्या सासरी द्यायला नीटनेटकी. म्हणजे एक तास काढून टाकायचा. यात मला अवघड असं काहीच वाटलं नाही. पंचवीस वर्षं निबंध तपासलेली बाई मी. लाल पेन घेऊन ‘अनावश्यक’ असं समासात लिहायचं आणि आडवी रेघ मारायची, हाताला वळणच होतं. इकडं कॅसेट चालू, तिकडं तबकडी लिहितेय, नको असलेला भाग आला की बटण दाबून तबकडी थांबवायची, तो भाग गेला की पुन्हा सुरू करायची.

हळद दळणाऱ्या बायका गेल्या. टेम्पोतून भांडी उतरवणारे गेले. रुसलेले मामा गेले. मग पंगत आली. मांडव, लांबच लांब दोन ओळी, आणि जिलेबीची परात कमरेवर घेऊन खाली वाकलेल्या वन्सं. नऊवारीचा काष्टा, पाठीवर घामाचा नकाशा. एका पत्रावळीपुढं त्या जरा जास्तच रेंगाळल्या होत्या, मागं भातवाली खोळंबली होती. मला आठवतं ते एवढंच की मी मनात म्हटलं, ‘अहो, सरका की पुढं.’ आणि खोटं कशाला सांगू, दुसरंही एक म्हटलं. कविताच्या सासरच्यांना ही अशी घामेजलेली, टाकलेली नणंद चकचकीत कशाला दाखवायची?

बटण दाबलं. तबकडी थांबली. कॅसेट पुढं चालतच होती, पडद्यावर सगळं दिसत होतं, पण मी उठून चहा टाकायला गेले. ते चित्र जगात शेवटचं माझ्या घरात लागलं आणि मी आल्याचा तुकडा शोधत होते.

शेवटी तबकडी बंद करायची असते. ‘फायनलाइज’ म्हणतात त्याला. तसं केल्याशिवाय ती दुसऱ्याच्या मशिनीत चालत नाही, आणि एकदा केलं की तिच्यात पुन्हा काही घालता येत नाही. मी अभिमानानं बंद केली. वर स्केच पेननं सुवाच्य अक्षरात ‘चि. सौ. कां. कविताचा विवाह’ लिहिलं.

वन्सं संध्याकाळी आल्या. हाताला कांद्याचा वास. "झालं?"

"झालं."

"दाव की."

"गौरीला कविता येईल ना माहेरी, तेव्हा सगळे मिळून बघू. समारंभ करू जरा."

चार महिने त्यांनी वाट बघितली. मधल्या काळात मी घर आवरायला काढलं आणि कपाटातली कॅसेट आमच्या यांच्या हातात दिली. "आता काय करायची? तबकडी झाली." बाजरी निसवायला, कणसं बाहेर टाकायला लागली होती. त्या वर्षी कुणाकुणाच्या शेतात लोक जुन्या कॅसेटमधली फीत उपसून बांबूला ताणून बांधायचे. वाऱ्यावर ती गुणगुणते, उन्हात चमकते, पाखरं येत नाहीत. गाण्यांच्या कॅसेटची फीत अरुंद असते, व्हिडीओची चांगली रुंद. यांनी वरच्या वावरात चार वाफ्यांवर या बांबूपासून त्या बांबूपर्यंत लग्न ताणून टाकलं.

गौरी जेवल्या त्या दुपारी सगळे जमले. कविता, जावई, शेजारच्या बायका. मी हुकूम घेऊन खुर्चीवर. आणि वन्सं, जन्मात पहिल्यांदा, आपण होऊन टीव्हीच्या समोर येऊन बसल्या. अगदी पुढं, मुलांच्या जागेवर. धुतलेलं लुगडं नेसून.

चित्र सुंदर होतं. मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली, आहेर झाले. आणि आहेरानंतर एकदम पाठवणीची गाडी. कविता पडद्यावर रडत होती आणि खोलीत हसत होती. वन्सं मागं वळल्या.

"पंगत?"

"ती काढली, वन्सं. माणसं जेवताना कोण बघतंय?"

"काढली म्हंजी?"

"गाळली. बसत नव्हतं सगळं."

त्या माझ्या हातातल्या रिमोटकडं बघत होत्या. "बरं. मंग ती कॅसेट लाव."

मी यांच्याकडं बघितलं. हे बिचारे पानाला चुना लावत होते, म्हणाले, "अक्का, ती बाजरीवर बांधलीया की मी. लई बेस वाजतीया."

वन्सं उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. चपला घातल्या आणि गेल्या. मला वाटलं, म्हातारपणचा रुसवा. तासाभरानं कवितानं मला ढकललं, "आई, आत्या कुठं गेली बघ ना," म्हणून मी वावरात गेले.

त्या बांधावर बसल्या होत्या. समोर बाजरीच्या कणसांवरून त्या काळ्या फिती थरथरत होत्या, वीसेक तरी ओळी. वारा वाढला की मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज व्हायचा. मी जवळ गेले तरी त्यांनी मान वळवली नाही.

"ह्यातली पंगतीची कंची?"

मी त्यांच्या शेजारी टेकले. मग त्यांनीच सांगितलं. दत्ता, जिलेबी, मान खाली. वीस वाक्यं असतील नसतील. त्यांचं माझं बोलणं तीस वर्षांत तेवढं लांब कधी झालं नव्हतं. "तू म्हनली व्हतीस बघू नगं. म्या न्हाई बगितलं. पर त्यानं बगितलं का, तेवढं बघायचं व्हतं मला."

आणि मग त्या माझ्याकडं वळल्या. "गाळताना तू बगितलं आसंल की. वर बगितलं का त्यानं?"

मी शिक्षिका. उत्तर येत नसलं तरी वर्गासमोर गप्प राहायची सवय नाही. "हो वन्सं," मी म्हटलं. "बघितलं ना. तुम्ही पुढं गेलात तरी तुमच्याकडंच बघत होता."

वन्संच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, टीव्हीच्या बाजूला बसून बघायच्या तशा. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "कंच्या हातानं जेवत व्हता?"

"उजव्या. उजव्याच की."

"दत्ता डावरा हाये," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वर्सापास्नं."

आणि पुन्हा फितींकडं बघायला लागल्या. मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मीही दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते, मला ते छान जमायचं.

त्यानंतर बारा वर्षं त्या आमच्याच घरात होत्या. माझ्याशी बोलणं सोडलं वगैरे काही नाही. भाकरी वाढायच्या, औषध विचारायच्या. फक्त घरात शिरताना ‘हुकूम कुणाच्या हातात’ हे विचारायचं बंद झालं. मी एकदा म्हटलं, दत्ताला निरोप धाडू का? त्या म्हणाल्या, "कशाला? त्याला यायचं आसतं तर रस्ता ठावं हाये." तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता. मी त्यांच्या ‘नको’ला लगेच मान दिला. सोयीचं असलं की मी फार आज्ञाधारक असते.

एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि आठवड्याभरात गेल्या.

आमच्याकडं दशक्रियेला नदीवर मांडव पडतो. प्रवचन होतं, पुढारी येतात, भाषणं होतात, आणि गेलेल्या माणसाचा मोठा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सला फोटो पाहिजे. आम्ही घर उलथंपालथं केलं. त्या बाईचा एक फोटो नव्हता. लग्नांच्या अल्बममध्ये त्या नव्हत्या, कारण फोटो निघताना त्या चुलीपाशी असायच्या, आणि शूटिंगमध्ये जिथं होत्या तिथं मी त्यांना काढलेलं. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून लावला. तो कुणासारखाच दिसत नव्हता.

दत्ता आला होता. पंचेचाळिशीच्या पुढचा, डोकं भादरलेला, ओल्या धोतरात. विधी आटोपल्यावर त्या फ्लेक्सकडं बघत माझ्यापाशी आला.

"मामी, दुसरा फोटो न्हवता का? कविताच्या लग्नाचं शूटिंग आसंल की. त्यात हाये ती. मला जिलेबी वाढताना."

माझ्या हातात फुलांचं ताट होतं, ते मी खाली ठेवलं. "तुला आठवतंय?"

"आठवतंय म्हंजी? मी तेवढ्यासाठीच तर आलो व्हतो लग्नाला. वाटलं, आई बोलंल. ती फुडं उभी व्हती आन मी आपला तिच्या तोंडाकडं बघतोय, बघतोय. तिनं मान वर केलीच न्हाई. गेली फुडं." त्यानं डाव्या हातानं तोंड पुसलं. "म्हनलं, न्हाई पायजे हिला आपण. मंग कशाला यायचं परत?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, "यानंतर कैलासवासी हौसाबाईंच्या भावजय, निवृत्त शिक्षिका, दोन शब्द बोलतील." आणि मी गेले. माईक हातात घेतला. माझ्या त्या गोड आवाजात वन्संना त्यागमूर्ती म्हटलं, मायेचा सागर म्हटलं. बायका रडल्या. कॅमेरेवाल्यानं सगळं घेतलं, काहीही गाळलं नाही. खाली आले तेव्हा दत्ता चपला घालून निघाला होता.

म्हणून हे लिहिलं. दत्ता, तुझ्या आईला मान वर करू नको असं मी सांगितलं होतं. कोठीच्या खोलीत, सकाळी, हळदीच्या हातानं. तिनं ऐकलं, कारण ती माझ्या घरात राहत होती. तिला तू पाहिजे होतास. हे वाचून तू मला काय म्हणायचं ते म्हण. माझं वय झालंय, पण ऐकू चांगलं येतं.

तो रेकॉर्डर अजून घरात आहे, माझ्या औषधांचा डबा त्याच्यावर असतो. तबकडीही आहे, न पुसणारी. आणि वन्संच्या ट्रंकेत सुतळीच्या पन्नासेक गुंड्यांमध्ये एक गुंडा काळा, चमकणारा आहे.

तो कसा झाला ते मी पाहिलंय. बारा वर्षं त्या पुढं जगल्या, आजारी पडलेल्या, अंथरुणावरच्या, सगळ्या पाहिल्या मी. तरी शेवटच्या म्हणून मला दिसतात त्या त्याच वेळच्या. बाजरीची कणसं खुडून नेली होती, वावरात नुसती ताटं उभी होती. फिती काढायला यांनी गडी सांगितला होता, वन्संनी त्याला परत पाठवलं. एकट्याच बांबूपाशी उभ्या राहून त्या गाठी सोडवत होत्या. एकही कापली नाही. सोडवलेली फीत अंगठा-कोपरावरून गुंडाळत पुढच्या बांबूकडं सरकायच्या, आणि मध्येच थांबून वीतभर तुकडा दोन्ही हातांत ताणून सूर्यासमोर धरायच्या. एक डोळा मिटून बघायच्या. मग गुंडाळायच्या. मग पुढचा वीतभर.

मी बांधावरून खाली उतरले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "वन्सं, अहो, फोटोच्या निगेटिव्हसारखं त्यात दिसत नसतं. त्याला मशीन लागते."

"ठावं हाये."

"मग काय बघताय?"

त्यांनी फीत खाली घेतली नाही. मिटलेला डोळाही उघडला नाही.

"बाजूला सर, मास्तरीण," त्या म्हणाल्या. "उजेड आडवतीयास."